वहिनीचा खांदा, तुझा फोन: आत्याचे कानमंत्र

बाळा,

वहिनीचा उजवा खांदा धरलाय, फिजिओ रत्नागिरीला आणि तुम्ही वाडीत. खांदा किती उघडला ते दर आठवड्याला मोजून फोनवर कळवायचं काम तुझ्याकडे आलंय, हे ऐकून मला बरं वाटलं. वळणावळणाच्या रस्त्यावरची एसटी, त्यात दुखरा हात आणि वरचा दांडा धरायची पंचाईत. नुसतं माप द्यायला तिला दर वेळी तिकडे नेणं काही खरं नाही.

माझी सगळी नोकरी खांदे आणि गुडघे मोजण्यात गेली. आधी गोनिओमीटरने, म्हणजे दोन पट्ट्या जोडलेल्या त्या कोनमापकाने, आणि २०२० च्या टाळेबंदीपासून फोनच्या पडद्यावरही. त्यातून पक्कं कळलेलं आधीच सांगते. फोनवरचं माप अगदी अचूक असण्यापेक्षा दर वेळी एकाच पद्धतीने घेतलेलं असणं जास्त मोलाचं. खरा आकडा ११० असताना तू दर वेळी १०५ मोजलेस, तरी खांदा कुठे चाललाय ते फिजिओला दिसतं. पण एकदा बसवून मोजलं, एकदा उभं करून, एकदा फोन जमिनीवर, एकदा कपाटावर, तर खांदा सुधारला की फोन सरकला हे कुणालाच सांगता यायचं नाही. जागा हलली की माप हललं, एवढं ध्यानात धर आणि पुढचं सावकाश वाच.

१. खांदा म्हणजे एकच सांधा असं मनात धरू नकोस, ते एकत्र कुटुंब आहे — दंडाचं हाड, पाठीचं पातं आणि गळ्याखालची हासळी सगळे मिळून हात वर नेतात, आणि एक आजारी पडला की बाकीचे त्याचं काम न सांगता उचलतात.

२. हात सरळ डोक्यावर गेला की त्याला १८० अंश म्हणायचं, त्यातले साधारण १२० मूळ सांध्याचे, म्हणजे दंड आणि पातं जुळतात तिथले, आणि ६० पात्याचे — हा दोनास एक हिशोब इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली मांडला, आणि खांदा बघणारा आजही तोच मनात ठेवतो.

३. वहिनीचा हात वर जाताना खांदा कानाकडे चढतोय का ते बघ — मूळ सांधा अडला की पातं लवकर आणि जास्त फिरतं. हात वर गेलेला दिसतो, पण आखडलेला सांधा होता तिथेच असतो.

४. समोरून वर, बाजूने वर, बाहेर फिरवणं आणि पाठीमागे नेणं, या चारच हालचाली मोज — याहून जास्त मोजत बसलास तर ती दमेल, आणि मग तू खांदा नाही, थकवा मोजशील.

५. पुस्तकातल्या आकड्यांशी तिची तुलना करू नकोस, तिच्याच डाव्या हाताशी कर — वयाबरोबर चांगला खांदाही थोडा कमी उघडतो. डावा कधी दुखला होता का, तेवढं मात्र आधी विचारून घे.

६. बाहेर फिरवण्याचं माप सगळ्यात जपून घे — धरलेल्या खांद्यात बहुतेक वेळा तीच हालचाल सगळ्यात जास्त जाते, आणि हात किती वर गेला या आनंदात नेमकी तीच मोजायची राहते.

७. तिच्या साखरेचा तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडाही त्याच वहीत टिपून ठेव — मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा धरण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं आणि तो सुटायलाही वेळ लावतो.

धरलेल्या खांद्याला 'फ्रोझन शोल्डर' हे नाव बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली दिलं. वाकून हात सैल सोडून झुलवायचा जो व्यायाम फिजिओने वहिनीला दिलाय, तोही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हा आजार आधी दुखतो, मग ताठरतो आणि मग हळूहळू सुटतो. या सगळ्याला साधारण एक ते तीन वर्षं लागू शकतात. म्हणून दर आठवड्याला तिच्याकडे निकाल मागू नकोस. मधले कित्येक आठवडे आकडा जागचा हलणार नाही, आणि त्यात तिचा दोष नसेल, तुझाही नसेल.

आता फोनचं. सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून इथे जरा जास्त बोलते.

८. फोन हातात धरू नकोस, कशावर तरी टेकव — हातातला फोन दर वेळी वेगळ्या कोनातून बघतो, आणि तुझा हात दमला की तो खाली झुकतो.

९. वहिनी खुर्चीत बसली की तिच्या खांद्याच्या उंचीवर कॅमेरा आण, त्यासाठी स्टुलावर डबे रच — खालून किंवा वरून बघितलं की कोन बदलतो, आणि पडद्यावर ते ओळखू येत नाही.

१०. समोरून वर नेताना फोन तिच्या उजव्या बाजूला, बाजूने वर नेताना अगदी समोर किंवा अगदी पाठीमागे — हालचालीकडे काटकोनातूनच बघायला हवं. तिरक्या जागेवरून १२० वरचा हात १३० च्या आसपास दिसतो, आणि सुधारणा नसताना घरात पेढे वाटले जातात.

११. फोन दोन-अडीच मीटर लांब ठेव — फार जवळून घेतलं की कॅमेऱ्याकडचा हात मोठा दिसतो आणि धड बारीक, मग त्यांच्यातला कोन विश्वासाचा राहत नाही.

१२. कॅमेऱ्यातलं '०.५' लिहिलेलं रुंद भिंग वापरू नकोस, '१' वरच ठेव — रुंद भिंगात चौकटीच्या कडेला सरळ दारही वाकडं दिसतं, आणि वर केलेला हात नेमका कडेलाच जातो.

१३. फोन उभा ठेव आणि वहिनीला चौकटीच्या मध्ये घे — बोटांच्या टोकापासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत सगळं दिसायला हवं. कंबर दिसली नाही तर ती झुकली की नाही ते कळणार नाही.

१४. खुर्चीच्या चारही पायांपाशी आणि स्टुलापाशी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा कर — पुढच्या आठवड्यात 'इथेच होती बहुतेक' असं म्हणायची वेळ येत नाही.

१५. तिच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला दोरी बांध आणि खाली जड कुलूप लटकव, गवंडी ओळंबा लावतो तसा — फोटोत ती दोरी तिरकी दिसली तर फोन कललाय, आणि सरळ दिसली तर मोजायला एक खरी उभी रेष आयती मिळाली.

१६. खिडकी तिच्या पाठीमागे नको, तुझ्या पाठीमागे हवी — पाठीमागून उजेड आला की माणूस काळा पडतो आणि दंड कुठे संपला, काख कुठे सुरू झाली ते दिसत नाही.

१७. मागचा कॅमेरा वापर, आणि कागदावर मोठ्या अक्षरात 'उजवा' लिहून चौकटीत ठेव — सेल्फीचा कॅमेरा पुष्कळदा उजव्याचं डावं करतो; अक्षरं उलटी दिसली की फिजिओला लगेच कळतं.

१८. व्हिडिओ कॉल बोलायला ठेव, मापासाठी आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ पाठव — आपल्याकडे पावसात नेटवर्क गेलं की चित्र मध्येच थिजतं, आणि हात सगळ्यात वर पोचला तोच क्षण हुकतो.

१९. हात वर पोचला की तीन मोजेपर्यंत तिथेच थांबायला सांग, तेवढ्यात दुखलं तर खाली — धावत्या हाताचा फोटो पुसट येतो. आणि जो कोन तीन आकडे टिकत नाही तो झटक्याने आलेला असतो.

२०. कोन काढायला शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक पुरतो: व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घे, कोनमापकाचा मध्य खांद्यावर, एक रेष ओळंब्याला समांतर, दुसरी दंडावरून — आकडा तू काढ, पण फोटोही पाठव, म्हणजे फिजिओला स्वतः पडताळता येतं.

कपड्यांचं बोलायला मुलं लाजतात, म्हणून स्पष्ट सांगते. वहिनीला आधी विचार. तिला तुझ्यासमोर संकोच वाटत असेल तर सूनबाई किंवा शेजारची नर्सताई व्हिडिओ घेईल, तू फोन लावून बाहेर थांब.

२१. बिनबाह्यांचा कुर्ता किंवा सैल गळ्याचा बंडीसारखा कपडा, साडी असेल तर पदर खोचलेला आणि केस वर बांधलेले — पदराआड दंड गेला की कोनाचा नुसता अंदाज उरतो.

२२. बाजूने व्हिडिओ घेताना एक टिकली दंडाच्या मध्यावर लाव आणि एक कोपराच्या बाहेरच्या हाडावर — दोन टिकल्यांतून दंडाची रेष सापडते. खांद्याच्या टोकावर लावू नकोस. हात वर जाताना तिथली कातडी सरकते आणि टिकली चुकीची जागा दाखवते.

२३. चेहरा चौकटीत असायलाच हवा असं नाही. आणि तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर कधीच टाकू नकोस — दुखऱ्या माणसाचं अंग हे सगळ्या नातेवाइकांनी बघायची गोष्ट नाही. फिजिओला पोचला की फोनमधून काढ, वहीत आकडा राहतोच.

आता शरीराच्या चोरवाटा. वहिनी काही मुद्दाम करणार नाही. शरीरच अडलेल्या सांध्याला वळसा घालून जातं आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. वाकून मिळवलेला अंश खांद्याच्या खात्यात धरत नाहीत.

२४. समोरून वर नेताना पाठ खुर्चीच्या पाठीला टेकलेलीच हवी — कमरेतून मागे कमान झाली की हात वीस-वीस अंश जास्त वर गेल्यासारखा दिसतो, आणि ते अंश कमरेचे असतात.

२५. बाजूने वर नेताना दोन्ही हात एकदम उचलायला सांग — एकच हात उचलताना माणूस दुसऱ्या बाजूला झुकतो. दोन्ही उचलले की झुकायला वाव उरत नाही, आणि दोन हातांतला फरकही एकाच फोटोत मिळतो.

२६. बाजूने नेताना अंगठा छताकडे ठेव — तळवा खाली राहिला तर दंडाच्या हाडाचा वरचा उंचवटा लवकर अडतो, हात मध्येच थांबतो आणि उगीच दुखतो.

२७. कोन दंडाचा मोज, मनगटाकडे बघू नकोस — कोपर वाकलं की बोटं उंच दिसतात आणि दंड खालीच असतो.

२८. हात बाजूला म्हणजे थेट बाजूला की थोडा पुढे, ते पहिल्याच दिवशी फिजिओला विचारून ठरव — पुष्कळांना थोडं पुढे धरून नेलेलं सोसतं आणि तेही चालतं, पण दोन पद्धतींचे आकडे एकाच रकान्यात लिहायचे नाहीत.

बाहेर फिरवायची हालचाल बसवून मोजू नकोस. बसलेल्या माणसाचा हात आडवा फिरतो, आणि ते नीट बघायला कॅमेरा छताला टांगावा लागेल. झोपवलं की तोच कोन उभा होतो आणि सगळं सोपं होतं.

२९. वहिनीला पाठीवर झोपव, दंडाखाली टॉवेलची घडी, कोपर अंगाजवळ आणि काटकोनात, पंजा छताकडे. हे झालं शून्य — दंड गादीत रुतला की खांदा पुढे ओढला जातो, म्हणून घडी लागते.

३०. तिथून पंजा हळूच बाहेर जमिनीकडे कलू दे, आणि फोन तिच्या पायाशी गादीच्या जरा वर ठेव — अंगाच्या लांबीच्या दिशेने बघितलं तरच तो कोन खरा दिसतो, बाजूने बघितलास तर दिसतच नाही.

३१. कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये रुमालाची गुंडाळी धरायला दे — गुंडाळी पडली म्हणजे कोपर अंगापासून सुटलं. ते माप सोड आणि पुन्हा घे.

३२. फोनमधलं पातळी दाखवणारं ॲप तिच्या मनगटाजवळ टेकवून कोन वाचता येतो, पण फक्त ती झोपलेली असताना — ते ॲप गुरुत्वाकर्षणाच्या आधाराने उभं-आडवं ओळखतं. बसून हात आडवा फिरवला तर त्याला काहीच कळत नाही.

३३. पाठीमागे हात नेण्याला अंश लावू नकोस, अंगठा कुठे पोचला ते लिही: कुल्ला, माकडहाडावरचा भाग, कंबर, ब्लाउजची मधली हुकं, पात्यांच्या मधे — या हालचालीत कोपर, मनगट, पातं सगळे भाग घेतात, म्हणून पोचलेली जागाच कामाची.

३४. तिथे मोजायच्या आधी तिची बोटं पूर्ण सरळ होतात का तेही बघ — मधुमेहात पुष्कळदा हाताची बोटंही ताठरतात, आणि अंगठ्याचा दोष खांद्याच्या नावावर जातो.

यापुढचं सगळं बोलण्याचं आहे, आणि मला विचारशील तर कॅमेऱ्याच्या उंचीपेक्षा हे मोठं. वहिनीला मी ओळखते. लेकाने 'आई, दाखव बघू' म्हटलं की ती दात चावून हात वर नेईल आणि रात्री कूस बदलताना कण्हत राहील.

३५. दर वेळी एकच वाक्य म्हण: 'दुखणं वाढायला लागेल तिथपर्यंतच ने' — एकदा 'जमेल तेवढा' आणि एकदा 'पूर्ण वर' म्हटलंस तर दोन वेगळ्या परीक्षा झाल्या.

३६. 'आणखी थोडं' हे दोन शब्द तोंडातून काढायचेच नाहीत — ओढून आणलेला अंश झोप घेऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशी व्यायाम बुडतो.

३७. डावा हात आधी करायला सांग, मग उजवा — तिला हालचाल नीट कळते, अंग सैल पडतं, आणि दुखऱ्या हाताची भीती थोडी कमी होते.

३८. आधी तिने स्वतःहून नेलेला कोन घे, मग फिजिओने परवानगी दिली असेल तरच झोपून, डाव्या हाताने काठी किंवा मिटलेली छत्री ढकलत नेलेला — तू मात्र तिचा हात धरून ढकलू नकोस. किती ताण पडतोय ते तिच्या डाव्या हाताला कळतं, तुझ्या हाताला कळत नाही.

३९. हे दोन आकडे वेगवेगळे लिही — धरलेल्या खांद्यात दोन्ही जवळजवळ सारखे आणि कमी येतात. स्वतःहून कमी पण आधाराने बराच जास्त येत असेल, तर स्नायूच्या दोरीला इजा किंवा अशक्तपणा असू शकतो, आणि ते फिजिओने लवकर बघायला हवं.

४०. आकडा तिथल्या तिथे मोठ्याने सांगू नकोस, आधी वहीत लिही — आकडा ऐकला की पुढच्या खेपेला ती खांदा हलवत नाही, आकडा गाठायला बघते.

वही साधी असू दे, शाळेची दोनशे पानी.

४१. आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी मोज — सकाळी उठल्या उठल्या खांदा ताठर असतो, आंघोळीनंतर सैल. वेळ बदलली की आकडा आपोआप बदलतो. रोज मोजलंस तर दोघांचाही धीर सुटेल.

४२. व्यायामाच्या आधी मोज, आणि शेक किंवा दुखण्याची गोळी घेतली असेल तर बाजूला लिही — गोळीचे अंश गोळीबरोबर उतरतात.

४३. तीनदा करायला सांग आणि मधला आकडा लिही — पहिला भीतीचा असतो, एखादा उत्साहाचा, मधला बहुतेक तिचा.

४४. ओळ अशी लिही: 'रविवार, संध्याकाळी ५, उजवा, बसून, समोरून वर, स्वतःहून, ९५, दुखणं ४, कशाने थांबली: ताठरपणा' — दुखणं ० ते १० मध्ये तिलाच विचार. दुखून थांबली, अडून थांबली, की घाबरून थांबली, यावर पुढचा व्यायाम बदलतो.

४५. दहा अंशांच्या आतला फरक आला तर हसू नकोस आणि रडूही नकोस — गोनिओमीटर लावून एकाच माणसाने दोनदा मोजलं तरी चार-पाच अंश इकडेतिकडे होतात, फोनवर तर होणारच. लागोपाठ तीन-चार आठवडे एकाच बाजूला चाललेला आकडा खरा.

४६. अंशांशेजारी एक रकाना घरच्या कामांचा कर: वेणी घातली का, फडताळातला डबा काढला का, हुकं लावली का, उजव्या कुशीवर झोपली का — रोजच्या बहुतेक कामांना हात १२० अंशांपर्यंत गेला तरी भागतं, आणि तिला १८० नको असतात, तिला तिची वेणी हवी असते.

४७. फोनच्या चित्रावर आपोआप हाडांचा सांगाडा काढून कोन सांगणारी ॲप निघाली आहेत; वापर, पण त्यांचा आकडा वेगळ्या रकान्यात लिही — ती चित्रावरून सांध्याची जागा ताडतात. सैल कपड्यात फसतात, आणि दंड स्वतःभोवती फिरतो ती हालचाल त्यांना कमीच दिसते.

४८. जमेल तेव्हा, निदान दीड-दोन महिन्यांनी, तिला प्रत्यक्ष दाखवून आण आणि वही बरोबर ने — सांधा अडतो तिथे हाताला काय लागतं, दगडासारखं की रबरासारखं, ते कॅमेऱ्यातून कळत नाही, आणि निम्मं निदान त्यातच असतं.

आणि काही वेळा अशा असतात की वही मिटायची, फोन ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. हे पाठ कर.

४९. छातीत दडपण, घाम, धाप आणि त्याबरोबर खांदा किंवा हात दुखणं — हे खांद्याचं नाही, हृदयाचं असू शकतं, थेट दवाखान्यात.

५०. पडल्यावर, आकडी येऊन गेल्यावर किंवा विजेचा धक्का बसल्यावर हात बाहेर फिरेनासा झाला, तर मोजू नकोस — खांदा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो, तो धरलेल्या खांद्यासारखाच वाटतो आणि एक्स-रे नीट काढल्याशिवाय हुकतो.

५१. ताप, खांद्यावर लाली-सूज, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा, अचानक गेलेली ताकद, रात्री सारखं वाढत जाणारं दुखणं, यांतलं काहीही — पुढच्या रविवारची वाट बघायची नाही.

५२. शेजारी कुणाच्या खांद्याचं ऑपरेशन झालं असेल आणि ते तुला मोजायला बोलावतील, तर सर्जनने लिहून दिलेली मर्यादा बघितल्याशिवाय हात उचलायला लावू नकोस — शिवलेली दोरी जुळायला आठवडे लागतात. सांधा बदललेल्यांना तर सुरुवातीला हात पाठीमागे न्यायलाही बहुधा मनाई असते; वहिनीसाठी बरोबर असलेलं माप त्यांच्यासाठी धोक्याचं ठरेल.

एवढं वाचून घाबरला असशील तर घाबरू नकोस. चिकटपट्टीच्या खुणा आणि कुलपाचा ओळंबा एकदा लागला की पुढच्या खेपेपासून सगळं पंधरा-वीस मिनिटांत आवरतं.

पहिलं माप घ्यायच्या आधी रत्नागिरीला फोन कर. वहिनीला सध्या कोणती हालचाल करू द्यायची नाही ते विचारून घे, आणि वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेव.

तुझी आत्या